जमिनीखालच्या नळ्या

या वार्षिक अंकासाठीं अमेरिकेचें प्रवासवर्णन द्यावें असा संपादकांचा गेलीं दोन-तीन वर्षें आग्रह चालला आहे. वर्गांतील मुलांसही वाटतें कीं, गुरुजी अमेरिकेस जाऊन आले, तेव्हां त्यांनीं न्यूयॉर्कचे मनोरे किंवा नायगाराचा धबधबा अवश्य पाहिला असेल. वस्तुस्थिति अशी आहे कीं, इ. स. २०२२ च्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही पांच आठवडे त्या देशांत होतों, आणि त्यांतील पुष्कळसा काळ आम्हीं एका घराच्या अंगणांत, गुडघे टेकून, चिखलांत हात घालून काढला. जलप्रपात म्हणून जो कांहीं पाहिला तो जमिनींतून चार इंच वर डोकावणाऱ्या फवाऱ्यांचा. त्याचेंच वर्णन येथें करणें प्राप्त आहे.

आमची थोरली बहीण, जिला आम्ही अक्का म्हणतों, लग्न झाल्यापासून कॉलोराडो राज्यांतील डेन्व्हर शहरीं राहते. दाजी तेथील एका कारखान्यांत यंत्रदुरुस्तीचें काम करीत. २०२२ च्या जानेवारींत अल्पशा आजारानें ते निवर्तले. साथीचे निर्बंध अजून पुरते उठले नव्हते, आम्हांस जातां आलें नाहीं; अंत्यविधीची उपासना आम्हीं नगरास बसून दूरध्वनीच्या इवल्याशा पडद्यावर पाहिली. म्हणून सुटी लागतांच, एप्रिलच्या अखेरीस, आम्ही अक्काकडे गेलों. जातांना मनांत सांत्वनाचे शब्द जुळवीत होतों. त्यांतील एकाचाही उपयोग करण्याची वेळ आली नाहीं. तिसऱ्याच दिवशीं सकाळीं अक्का खिडकींतून बाहेर पाहत म्हणाली, “हिरवळ बघ कशी झाली आहे. दर वर्षीं हे मेच्या पहिल्या आठवड्यांत पाणी सुरू करीत. तूं शेतकऱ्याचा मुलगा ना? बघ तुला जमतें का.”

आमच्या मुलुखांत शेतास पाणी देणें म्हणजे दारें धरणें. विहिरीचें किंवा पाटाचें पाणी सरींतून येतें. फावड्यानें वाफ्याचें तोंड फोडावें, वाफा भरला कीं चिखलानें तें बुजवावें आणि पुढच्याचें फोडावें. लहानपणीं रात्र रात्र हें काम आम्हीं केलें आहे. पाणी डोळ्यांस दिसतें, पायांस लागतें, चुकलें तर लगेच कळतें. अक्काच्या अंगणांत सगळाच प्रकार गुप्त. तें अंगण आठ भागांत विभागलेलें असून प्रत्येक भागाखालीं वीत-दीड वीत खोल काळ्या नळ्यांचें जाळें पसरलें आहे. प्रत्येक भागाची स्वतंत्र झडप, हिरव्या झांकणाच्या पेटींत पुरलेली. झडपेवर तारेचें एक लहान वेटोळें असतें. भिंतीवरच्या घड्याळ-पेटींतून चोवीस व्होल्टांचा सौम्य प्रवाह तेथपर्यंत आला कीं वेटोळें आपली दांडी उचलतें, आंतील रबरी पडद्यावरचा दाब सुटतो, आणि पाणी स्वतःच्याच जोरानें पडदा उचलून त्या भागांत शिरतें. म्हणजे फावडें धरणारा माणूस येथेंही आहे. तो अंगठ्याएवढा आहे व विजेवर काम करतो इतकेंच. दाजी या आठ भागांस ‘पाळ्या’ म्हणत. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून त्यांनीं हा शब्द उचलला असावा.

हें सारें दर हिवाळ्यांत बंद करावें लागतें. त्या प्रदेशांतील थंडी जमिनींत नळ्यांच्याही खालपर्यंत उतरते. पाणी गोठतांना त्याचें आकारमान सुमारें नऊ टक्क्यांनीं वाढतें, हें आम्ही आठवीच्या वर्गास दर वर्षीं शिकवतों. परंतु तेवढ्या वाढीनें जाड पितळही कसें उकलतें तें दाजींच्या कपाटांत ठेवलेला एक जुना तुकडा हातीं घेतल्यावर प्रथम समजलें. म्हणून ऑक्टोबरांत दाबलेल्या हवेचें यंत्र नळीस जोडून एकेका पाळींतील पाणी फुंकून बाहेर काढतात. नंतर सहा-सात महिने नळ्या कोरड्या, मुक्या. वसंतांत त्यांत पुन्हां पाणी भरावयाचें, आणि हिवाळ्यानें कोठें काय मोडून ठेवलें आहे तें पाणी आल्यावांचून कळावयाचें नाहीं. यंत्र बंद करणें हें घाईचें काम आहे, सुरू करणें हें धीराचें.

दाजींची एक वही होती. निळ्या पुठ्ठ्याची, तेलाचे डाग पडलेली, मोटारखान्यांत खिळ्यास टांगलेली. २००४ पासून प्रत्येक वसंताची व प्रत्येक शरदाची नोंद तींत होती. कारखान्यांतील कामकाज अठरा वर्षें इंग्रजींत केलेल्या माणसानें ही वही मात्र मराठींत लिहिली होती, आणि तीही आमच्या नगरी मराठींत. “दुसरी पाळी. कोपऱ्यांतला फवारा रुसला. जाळी धुतली, बोलूं लागला.” “पांचवीची पेटी. आंत बेडूक. सोडून दिला.” पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत एक शब्द दोनदां लिहून खालीं रेघ मारली होती: सावकाश, सावकाश.

या शब्दाचें कारण असें. रिकाम्या नळींत हवा असते. तोटी एकदम सोडली तर पाणी त्या हवेस ढकलीत भरधांव निघतें व पुढें बंद झडप किंवा वळण आलें कीं तेथें घणासारखें आदळतें. या धक्क्यानें सांधे निखळतात. तेव्हां तोटी पाव फेरा उघडावी, नळ्यांतील सुस्कारा थांबेपर्यंत थांबावें, मग पुढचा पाव फेरा.

शनिवार, ७ मे रोजीं आम्हीं आरंभ केला. मुख्य तोटी तळघरांत. तेथें आमचा भाचा उभा राहिला. हा पंचवीस वर्षांचा तरुण, जन्मानें अमेरिकन, मराठी समजतो बरी व बोलतो अडखळत. आम्ही बाहेर, घराच्या भिंतीलगत जें पितळी यंत्र हातभर उंच उभें असतें त्याच्यापाशीं. मध्यें खिडकींत अक्का, निरोप पोंचविण्यास.

या पितळी यंत्राविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण सर्व रचनेंत आम्हांस तेंच अधिक शहाणपणाचें वाटलें. अंगणांतील नळ्या शहराच्या पिण्याच्या पाण्यास जोडलेल्या असतात. समजा, कोठें आग लागली, बंबांनीं पाणी खेंचलें आणि शहराच्या नळांतील दाब एकाएकीं घटला. तर अंगणांतील खत मिसळलेलें, कुत्र्यांनीं घाण केलेलें पाणी उलट ओढलें जाऊन शेजाऱ्याच्या पेल्यांत जावयाचें. तसें होऊं लागतांच या यंत्रांतील टोपी खालीं पडते, बाहेरची हवा आंत शिरते व ती ओढ तुटते. यास्तव तें सर्वांत उंच फवाऱ्याहूनही निदान बारा इंच वर बसविलेलें असावें असा दंडक आहे. हिवाळ्यांत त्याच्या दोन्ही मुठी तिरप्या ठेवतात, म्हणजे पोटांत थेंबही अडकून राहत नाहीं. आम्हीं वहीप्रमाणें बाजूचे दोन तपासणीचे मळसूत्री खिळे आडवे करून बंद केले, पुढची मूठ मिटली, मागची उघडली, आणि खिडकीकडे पाहून म्हणालों, “पाव फेरा.”

“पाव फेरा!” अक्का आंत ओरडली.

बराच वेळ कांहींच झालें नाहीं. मग पितळाच्या माथ्यावरून पाण्याची पिचकारी उडाली, आमचा चष्मा व सदरा भिजला, आणि इतक्यांत आंतून ‘टक्’ असा आवाज होऊन पिचकारी थांबली. टोपी जागेवर बसली होती. अक्का हंसली. आम्ही तिकडे गेल्यापासून ती प्रथमच हंसली, म्हणून त्या भिजण्याचें आम्हांस कांहीं वाटलें नाहीं.

घड्याळ-पेटींतील बारीक विद्युत्‌घट संपल्यामुळें तींत तारखेचा पत्ता नव्हता. नवा घट घालून तिला आजचा वार व वेळ शिकविली आणि एकेक पाळी हातानें सुरू केली. प्रथम फवारे खोकतात. हवा, मग तांबूस चिखल, पुन्हां हवा, आणि मग कोठें स्वच्छ पाणी. कित्येक डोकीं वर आलींच नाहींत. त्यांच्यावर गवत वाढून झांकण झालें होतें. सुरीनें वर्तुळ कापून तीं मोकळीं केलीं. ज्यांची धार वांकडी पडत होती त्यांचीं तोंडें उघडून आंतील चाळण्या बादलींत बुडवून जुन्या दांतांच्या ब्रशानें घासल्या. पाळींतील शेवटच्या फवाऱ्याचें तोंड काढून ठेवून आधीं गाळ वाहूं द्यावा, मग तें बसवावें, ही युक्तिही वहींतलीच.

तिसऱ्या पाळीस मात्र एकही फवारा उभा राहिला नाहीं. कुंपणाजवळ हिरवळीचा एक तुकडा पिठाच्या उंड्यासारखा फुगला व त्यांतून पाणी उसळूं लागलें. पाणी बंद करून आम्हीं खणलें. नळीच्या कोपराचा सांधा उभा चिरलेला होता. भाचा म्हणाला, “मामा, हा कां फुटला? बाकी सगळे चांगले आहेत.” आम्हीं वही उघडली. तिसऱ्या पाळीपुढें प्रत्येक ऑक्टोबरांत एकच शेरा होता: “खोलगट. पाणी राहतें. वारा दोनदां मारणें.” आणि पुढें, “दोनदां मारला.” असें सतरा वर्षें. २०२१ च्या ऑक्टोबरांत मात्र अक्षर जरा कांपरें होतें. तेथें लिहिलें होतें, “तिसरी. एकदांच.”

भाच्यानें तें वाचलें. वाचावयास त्यास वेळ लागला. मग कांहीं न बोलतां त्यानें खोरें उचललें व खड्डा आणखी रुंद केला. चिरलेला भाग कापून टाकला, नव्या कोपराचे दांतेरी टोंक नळींत शिरेना म्हणून अक्काच्या चहाच्या भांड्यांत पाणी उकळून नळीचें तोंड त्यांत मऊ केलें, आंत दाबलें, वरून पोलादी पट्टा आवळला. सायंकाळपर्यंत तिसरी पाळी चालूं झाली. आमच्या हातून त्या पांच आठवड्यांत अक्काचें जें कांहीं सांत्वन झालें असेल तें बहुधा याच खड्ड्यांत झालें.

येथवर आमची व भाच्याची एकवाक्यता होती. पुढें वाद निघाला, आणि तो सामान्य नव्हता.

आठही पाळ्या चालूं झाल्यावर त्यांस किती वेळ पाणी द्यावें हें ठरविण्यासाठीं आम्हीं अक्काकडून दह्याचे रिकामे डबे मागून घेतले, हिरवळीवर ठिकठिकाणीं मांडले, पाव तास पाणी सोडलें आणि पट्टीनें प्रत्येकांतील पाणी मोजलें. एका डब्यांत बोटाचें पेर बुडेल इतकें, दुसऱ्यांत तळ जेमतेम ओला. हा हिशेब वहींत मांडीत असतां भाचा म्हणाला, “मामा, डबे मोजतां, पण हें पाणी येतें कोठून तें माहीत आहे?”

त्यानें सांगितलें तें पुढें आम्हींही वाचून पाहिलें, आणि तें खरें आहे. डेन्व्हर येथें वर्षाकांठीं पाऊस व हिम मिळून सुमारें चौदा-पंधरा इंच पाणी पडतें. आमचें अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) अवर्षणप्रवण म्हणून प्रसिद्ध, पण तेथेंही सरासरी वीस इंचांच्या वर पडतो. डेन्व्हरास लागणाऱ्या पाण्यापैकीं जवळजवळ निम्में रॉकी पर्वताच्या पलीकडून, कॉलोराडो नदीच्या खोऱ्यांतून, डोंगराच्या पोटांतून काढलेल्या बोगद्यांवाटे आणतात. त्यांतील एक, रॉबर्ट्‌स नांवाचा, तेवीस मैल लांब असून १९६२ सालीं पुरा झाला. त्याच नदीवर खालीं सात राज्यांची व मेक्सिको देशाची तहान अवलंबून आहे. त्या वसंतांत तिच्यावरील पॉवेल जलाशय, तो प्रथम भरला तेव्हांपासून कधीं नव्हता इतका खालीं गेला होता. आणि पर्वत ओलांडून आणलेलें हें पाणी उन्हाळ्यांत मोठ्या प्रमाणावर जातें कोठें, तर हिरवळीवर. हिरवळीचें गवत केंटकीचें म्हणवितें, परंतु मूळचें तेंही युरोप-आशियाकडचें. त्यास ओली हवा लागते. गवत कापण्याचें यंत्र १८३० सालीं इंग्लंडांत निघालें, फवाऱ्याचा एक परवाना १८७१ सालीं अमेरिकेंत बफेलो गांवच्या मनुष्यानें घेतला, आणि १९३३ सालीं कॅलिफोर्नियांतील ग्लेंडोरा येथें ऑर्टन एंगलहार्ट नांवाच्या बागाईतदारानें टकटक करीत फिरणारा फवारा बनविला, जो आज आमच्याकडे कांद्याच्या व भुईमुगाच्या शेतांतही दिसतो. त्यानें तो आपल्या फळबागेसाठीं बनविला होता हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

भाच्याचें म्हणणें, सगळी हिरवळ उपटावी आणि त्या पठाराचें मूळचें गवत लावावें. बफेलो गवत व ब्लू ग्रामा ही दोन त्या भूमीचीं आपलीं गवतें. त्यांस पाणी फार थोडें पुरतें. “बाबा गेले. आतां हें कोणासाठीं?” असें तो म्हणाला. शब्द कठोर होते, परंतु तो दुष्काळाविषयीं बोलत होता, बापाविषयीं नव्हे. अक्काला तें तसें ऐकूं आलें नाहीं. “त्यांनीं हातानें लावलेलें मी उपटूं देणार नाहीं,” इतकेंच बोलून ती आंत गेली. दोन दिवस घरांत जेवणाच्या भांड्यांखेरीज आवाज नव्हता.

आमच्यावर न्याय करण्याची पाळी आली. खरें सांगावयाचें तर आमचें मन दोहींकडे होतें. ज्या जिल्ह्यांत १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी घराघरांत ऐकूं येतात, जेथें निजामशाहींत दूरच्या गांवांहून खापरी नळांनीं पाणी आणून त्यांतूनच फराहबागेचा तलावही भरीत, आणि आज त्या महालाभोंवतीं तें पाणी नाहीं, तेथल्या माणसास गवतावर पाणी उडतांना पाहून बरें वाटत नाहीं. दुसऱ्या बाजूस, अठरा वर्षांची ती वही आम्हीं हातांत धरली होती. तींत एकाही पानावर ‘हिरवळ सुंदर दिसते’ असें लिहिलेलें नव्हतें. कोठें गळतें, कोठें जास्त होतें, कोठें वांया जातें, एवढेंच होतें. २०१२ च्या पानावर त्यांनीं स्वतःच लिहिलें होतें: “रस्त्याकडची पहिली-दुसरी. निम्में पाणी डांबरावर. काढून टाकावी काय?”

तें पान आम्हीं अक्कासमोर ठेवलें. आम्हीं कांहीं सांगितलें नाहीं. तिनें चष्मा लावला, वाचलें, पान उलटलें, पुन्हां उलटून वाचलें. मग मुलास हांक मारून म्हणाली, “पुढचें तुझें. मागचें माझें.”

याप्रमाणें वाटणी झाली. मागच्या अंगणांतील सहा पाळ्या राहिल्या, त्याही शहराच्या नियमानें: उन्हाळ्यांत आठवड्यांत फार तर तीन दिवस, आणि सकाळीं दहा ते सायंकाळीं सहा या वेळांत मुळींच नाहीं. तेथील माती चिकण. एकदम पाव तास पाणी सोडलें तर तें वाहून जातें, म्हणून पांच पांच मिनिटांचे तीन हप्ते, मध्यें मुरण्यास अवकाश. पुढच्या अंगणांतील केंटकीचें गवत निघालें व जूनमध्यें तेथें बफेलो गवताचीं रोपें लागलीं. त्याच उन्हाळ्यांत कॉलोराडो राज्यानें अशा बदलास पैशाची मदत देण्याचा कायदा केला, हें भाच्यानें आम्हांस मागाहून मोठ्या विजयानें कळविलें. अर्थात् नवीं रोपें रुजेपर्यंत पहिल्या वर्षीं त्यांसही पाणी लागतेंच. तेव्हां पहिली व दुसरी पाळी त्या वर्षीं बंद पडली नाहींच. अक्कानें हें त्याच्या नजरेस आणून दिलें.

आम्ही निघण्याच्या आदल्या आठवड्यांत एक परीक्षा झाली. १९ मे रोजीं उन्हानें अंग भाजत होतें. २० तारखेस वारा फिरला, रात्रीं पाऊस लागला आणि पहांटेपर्यंत त्याचें हिम झालें. पालवी फुटलेल्या झाडांवर हिमाचा भार पडून फांद्या मोडल्याचे आवाज रात्रभर येत होते. नळ्या जमिनीच्या उबेंत सुरक्षित होत्या. धोका होता तो उघड्यावर उभ्या असलेल्या पितळी यंत्रास, कारण आतां त्याच्या पोटांत पाणी होतें. रात्रीं दहा वाजतां भाचा तळघराची तोटी बंद करावयास गेला, आम्हीं बाहेर खिळे उघडून पाणी सोडलें आणि मुठी तिरप्या केल्या. तेवढ्यावर अक्काचें समाधान होईना. ती आंतून एक गोधडी घेऊन आली. आमच्या आईनें शिवलेली, लग्नांत दिलेली, जुन्या नऊवारींच्या पदरांची. आम्ही म्हणालों, “अक्का, ही भिजेल.” ती म्हणाली, “वाळेल.” आणि तिनें ती त्या पितळेभोंवतीं दोन वेढे देऊन सुतळीनें बांधली.

सकाळीं अंगणांत पांढऱ्या हिमावर तेवढी एक रंगीत गांठोडी उभी होती. दोन दिवसांनीं हिम वितळल्यावर पुन्हां पाव पाव फेऱ्यानें पाणी सोडलें. ह्या वेळीं खिडकींत अक्का नव्हती. ती स्वतः पितळेपाशीं उभी होती, आणि आम्ही आंत तळघरांत.

ऑक्टोबरांत भाच्यानें वहीच्या नव्या पानाचें छायाचित्र पाठविलें. पाळ्या त्यानें स्वतः बंद केल्या होत्या. नोंद मराठींत होती. तींत शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या, ‘पाळी’ हा शब्द एकदां ऱ्हस्व व एकदां दीर्घ होता. तिसऱ्या पाळीपुढें लिहिलें होतें, “वारा तिनदां मारला.”